नको असलेले यंत्र आणि न दिसणारा शेजारी

जुन्या मोटारीतला वातानुकूलक बंद पडला, किंवा धड असूनही घरात कोणी तो लावीनासे झाले, म्हणजे मालकाच्या मनात एक विचार हमखास डोकावतो: हे धूड आता बाळगायचे कशाला? इंजिनाच्या कुशीला बोल्टांनी आवळलेला पाच-सात किलोंचा कॉम्प्रेसर, त्याला फिरवणारा पट्टा, पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर आणि नळ्यांचा गुंता. उपयोग काहीच नाही आणि इंजिनावर भार मात्र आहे, अशी समजूत होते. मग गॅरेजमध्ये सांगितले जाते, ‘काढून टाका.’ दोन शब्दांची ही आज्ञा. तिच्यात नीतिशास्त्राने दखल घ्यावी असे काही असेल हे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. आम्हाला मात्र गेले काही महिने या दोन शब्दांनी विचारात पाडले आहे, आणि तो विचार वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

आधी यंत्राविषयी थोडे. इंजिन चालू असले की पट्टा कॉम्प्रेसरची पुली फिरवीत राहतो; पण आतले यंत्र फिरते ते विजेवर चालणारा क्लच जोडला गेला तरच. वातानुकूलक बंद असताना पुली आपल्या बेअरिंगवर नुसतीच फिरत असते. तेव्हा ‘भार कमी होऊन पेट्रोल वाचेल’ ही आशा बव्हंशी भ्रामक आहे. फरक पडलाच तर खिशाला जाणवण्याइतका पडत नाही. खरा धोका निराळा. पुलीचे बेअरिंग झिजून आवाज करू लागले आणि एके दिवशी आवळून बसले, तर पट्टा जळतो किंवा तुटतो. ज्या गाड्यांत पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर त्याच पट्ट्यावर चालतात, त्यांत पट्टा तुटणे म्हणजे गाडी भररस्त्यात उभी राहणे. म्हणून कॉम्प्रेसर सोडवावा असे वाटणे अवाजवी नाही. जुन्या गाडीत त्याला स्वतंत्र पट्टा असेल तर तेवढा काढला की काम झाले. एकच पट्टा सगळीकडून फिरत असेल तर लहान मापाचा पट्टा किंवा कॉम्प्रेसरच्या जागी मोकळी पुली बसवावी लागते. या कोणत्याही कामात गॅसच्या नळ्या उघडाव्या लागत नाहीत. कित्येकदा तर नळ्या न सोडता कॉम्प्रेसर बोल्टांवरून उतरवून बाजूला बांधूनही ठेवता येतो.

नळ्या उघडाव्या लागतात ते सारेच काढून टाकायचे ठरले म्हणजे. आणि नळ्या उघडल्या की आतला वायू बाहेर येतो. काही क्षणांचा एक सुस्कारा, नळीच्या तोंडाशी थोडे धुके, तेलाचा पुसट वास, की संपले. वायूला रंग नाही, गॅरेजमध्ये कोणी खोकत नाही, कोणाचे डोळे झोंबत नाहीत. द्रवरूपात अंगावर उडाला तर कातडी गोठते, आणि ज्योतीजवळ गेला तर त्यातून विषारी वायू तयार होतो, हे अनुभवी मिस्त्रींना ठाऊक असते. एरवी तो अगदी निरुपद्रवी दिसतो.

निरुपद्रवी दिसावा म्हणूनच तो शोधला गेला होता. त्याआधीच्या शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे वायू वापरीत. ते गळले की घरातली माणसे मरत. १९२८ साली अमेरिकेत टॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळणार नाही आणि विषबाधा करणार नाही असा वायू शोधून काढला. १९३० मध्ये मिजली यांनी रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो छातीभर श्वासात घेतला आणि उच्छ्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. हा प्रयोग अप्रामाणिक नव्हता. त्यांनी दाखवले ते खरेच होते: जवळच्या माणसाला या वायूपासून अपाय नाही. आर-१२ या नावाने तो पुढे जगभरच्या शीतकपाटांत आणि मोटारींत गेला. (मोटारीच्या पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची युक्तीही याच गृहस्थांची. एका माणसाच्या हातून, वाईट हेतू नसताना, वातावरणाची इतकी हानी क्वचितच झाली असेल.)

दूरच्या माणसाचे काय होते हे कळायला आणखी चव्वेचाळीस वर्षे लागली. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी दाखवून दिले की, हा वायू खालच्या हवेत कशानेच मोडत नाही म्हणून हळूहळू फार उंच चढतो, तिथे प्रखर सूर्यकिरणांनी त्यातला क्लोरीन सुटा होतो आणि ओझोनचा नाश करीत सुटतो. क्लोरीनचा एक अणू निष्प्रभ होण्यापूर्वी ओझोनचे लाखाच्या घरात रेणू मोडू शकतो. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनची खिंडार पडावी तशी घट प्रसिद्ध केली. १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला, आणि २००८ साली आपल्याकडे या वायूंचे उत्पादन थांबले. मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्झेन यांना १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यांपैकी मोलिना आणि क्रुट्झेन हे दोघे व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीचेही सदस्य होते, ही गोष्ट आमच्या वाचकांना फारशी ठाऊक नसावी.

इतका इतिहास सांगण्याचे कारण म्हणजे आम्हाला विचारला गेलेला एक प्रश्न. विचारणारा आमच्या ओळखीचा एक तरुण मिस्त्री. वडिलांच्या पश्चात गॅरेज चालवतो. हा प्रश्न त्याने पापनिवेदनाच्या वेळी विचारलेला नाही. रविवारच्या मिस्सानंतर आवारात चारचौघांत विचारला, आणि त्याविषयी लिहायला त्याची हरकत नाही. तो म्हणाला, “फादर, गॅस हवेत सोडणे हे पाप आहे का? एका प्रशिक्षण वर्गात मला सारे कळले. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला सांगतो की नळ्या उघडणार नाही, नुसता पट्टा काढून देतो, किंवा यंत्राने गॅस काढून घ्यायला दुसरीकडे गाडी न्यावी लागेल. गिऱ्हाईक हसते आणि नाक्यावरच्या गॅरेजमध्ये जाते. तिथे दहा मिनिटांत काम होते. महिन्याला चार-पाच कामे अशी जातात. पाप नसेल तर सांगा, म्हणजे मीही करीन.”

त्या शेवटच्या वाक्यात लबाडी नव्हती. त्याच्यावर घर चालवण्याची जबाबदारी आहे. देव जे मागत नाही ते आपण उगाच का सोसावे, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. अशा वेळी धर्मगुरूने ‘पर्यावरण राखा’ असे गुळमुळीत काही सांगून सुटका करून घेऊ नये. त्याला उत्तर हवे आहे, आणि ते देण्याची साधने आपल्या परंपरेत आहेत. सेमिनरीत शिकलेली जुनी नीतिशास्त्राची सूत्रे पुष्कळदा कोरडी वाटली. पण असा प्रश्न समोर आला की ती कामाला येतात.

पहिले सूत्र अज्ञानाचे. जे अज्ञान दूर करणे माणसाच्या हाती नव्हते त्याचा दोष त्याला लागत नाही. जे थोड्या प्रयत्नाने दूर करता आले असते त्याचा लागतो. १९३० मध्ये मेणबत्ती विझवणारे मिजली पहिल्या प्रकारात येतात. आज बॉनेट उघडणारा माणूस त्या प्रकारात येत नाही. गाडीत कोणता वायू आहे हे बॉनेटखालच्या पट्टीवर बहुधा छापलेले असते. ती निघून गेली असेल तर गॅस भरण्याच्या तोंडावरूनही ओळखता येते, जुन्या आर-१२ चे तोंड आट्यांचे असते आणि नंतरच्या आर-१३४ए चे झटकन बसणाऱ्या जोडाचे. आणखी एक गोष्ट कळवून घेता येते, आणि ती फार महत्त्वाची आहे: वायू आत शिल्लक आहे की नाही. वातानुकूलक वर्षानुवर्षे चालवला नाही की तेल फिरत नाही, कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील कोरडे पडते, आणि वायू झिरपून जातो. पुष्कळ जुन्या गाड्यांत तो केव्हाच संपलेला असतो. गेज लावून पाहिले आणि काटा हललाच नाही, तर आमच्या मिस्त्रीचा प्रश्न तिथेच मिटतो. त्याने खुशाल सारे काढावे. न पाहता सोडणारा आणि पाहून सोडणारा या दोघांत नीतिशास्त्र फरक करते. पण न पाहता सोडणाऱ्याला ते निर्दोष मात्र म्हणत नाही.

आता काटा हलला असे धरू. गाडीत आर-१२ सहाशे ग्रॅम आहे असे मानू. मोटारींत साधारण अर्धा ते एक किलो असतो. ओझोनचा नाश क्षणभर बाजूला ठेवू. पृथ्वी तापवण्याच्या बाबतीत हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १०,००० पट प्रभावी आहे. म्हणजे सहाशे ग्रॅमची बरोबरी सुमारे ६ टनांशी. एक लीटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेव्हा ६ टन म्हणजे सुमारे २,६०० लीटर पेट्रोल. लीटरला १५ किलोमीटर धरले तर ३९,००० किलोमीटरांचा प्रवास. आजाऱ्यांना भेटी देत, वाडीवाडीतून फिरत एखादा धर्मगुरू रोज १५ किलोमीटर गाडी चालवीत असेल तर त्याची सात वर्षे. हे सगळे त्या एका सुस्काऱ्यात हवेत जाते. नंतरच्या गाड्यांतला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही, पण तोही १,४०० पटींच्या आसपास आहे. त्याचे सहाशे ग्रॅम म्हणजे पाच हजारांहून अधिक किलोमीटर. म्हणूनच २०१६ मध्ये किगाली येथे त्यावरही मर्यादा घालण्याचे ठरले आणि २०२१ मध्ये भारताने ते मान्य केले.

हे आकडे हाती आले की दुहेरी परिणामाचे सूत्र लावता येते. एकाच कृतीतून चांगला आणि वाईट असे दोन परिणाम होत असतील, तर ती कृती मुळात दोषरहित असावी, वाईट परिणाम हेतूत नसावा, चांगला परिणाम वाईटाच्याच द्वारे साधलेला नसावा, आणि चांगल्याचे पारडे वाईटाच्या तोडीचे असावे. कॉम्प्रेसर काढणे दोषरहित आहे. वायू वाया घालवण्याची कोणाची इच्छा नसते. परंतु गॅरेजमध्ये काय होते? नळी सुरक्षितपणे उघडता यावी म्हणून आधी वायू मुद्दाम सोडतात. तेव्हा तो ओघाने आलेला परिणाम राहत नाही. ते साधनच बनते. तो मुद्दा कोणी वादासाठी सोडून दिला तरी पारड्यांचा प्रश्न उरतोच. एकीकडे दहा मिनिटांची सोय, दुसरीकडे सात वर्षांचे पेट्रोल. आणि नुकसान न करता तेच साधण्याची वाट समोर असताना हे सूत्र मुळी आधाराला घेताच येत नाही. पट्टा काढला की गाडी रस्त्यात अडकण्याचे भय संपते. यापलीकडे मालकाला हवे असते ते केवळ रिकामे, नीटनेटके दिसणारे बॉनेट.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. सहाशे ग्रॅमने आकाशाचे काय होते? कारखान्यांनी लाखो टन सोडले, भंगारात मोडलेल्या गाड्यांमधला वायू कोणी काढून घेतला नाही, आणि हिशेब एका मिस्त्रीकडे मागायचा? आमच्या मते या आक्षेपाला उत्तर सतराव्या शतकातच मिळालेले आहे. त्या काळी काही सैल मताचे नीतिशास्त्री असे शिकवू लागले होते की, बारीकसारीक चोऱ्यांची बेरीज कितीही मोठी झाली तरी ती परत करण्याचे गंभीर बंधन नाही, कारण प्रत्येक चोरी लहानच होती. १६७९ मध्ये पोप अकरावे इनोसंट यांनी जी अनेक मते त्याज्य ठरवली त्यांत हे एक होते. मापात रोज चिमूटभर मारणाऱ्या दुकानदाराच्या बाबतीत कोणाही एका गिऱ्हाइकाचे लक्षात येण्याजोगे नुकसान होत नाही, तरी तो गावाला लुटतो. वातावरणाचे नुकसान असेच चिमटीचिमटीने झाले आहे. आणि इथली चिमटी तर फारशी बारीकही नाही.

मग त्या मिस्त्रीला आम्ही काय म्हणालो? म्हणालो, “होय, जाणूनबुजून आणि सहज टाळता येत असताना सोडणे हे पाप आहे. पण त्यातला मोठा वाटा तुझा नाही.” हे दुसरे वाक्य त्याला पटले नाही असे त्याच्या चेहऱ्यावर दिसले. हात आपला आणि दोष दुसऱ्याचा कसा? परंतु दुसऱ्याच्या अपकृत्यातील सहभागाची मोजणी आपल्या शास्त्राने फार बारकाईने केली आहे. ‘काढून टाका’ असे सांगणारा, आणि समजावून दिल्यावरही वाचणाऱ्या पैशांसाठी दुसऱ्या गॅरेजचा रस्ता धरणारा, हा मूळ कर्ता होय. पोटासाठी त्याचे काम करणारा सहभागी आहे. पूर्णपणे निर्दोष नाही, पण तराजूत तो पहिला नाही. आमच्या धर्मग्रामातील गाडीवाल्या कुटुंबांनी हे वाक्य जरा थांबून वाचावे अशी आमची इच्छा आहे. प्रवचनात प्रदूषणाचा उल्लेख आला की आपण कारखान्यांकडे आणि महामार्गाकडे बोट दाखवतो; गॅरेजमध्ये मात्र स्वस्त कोण ते पाहतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मधील ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वातानुकूलन यंत्रांच्या वाढत्या वापराचा उल्लेख केला, तेव्हा एवढ्या मोठ्या पत्रात एवढी क्षुल्लक गोष्ट कशाला, असे काहींना वाटले होते. आम्हाला ती क्षुल्लक वाटत नाही.

राहिला भरपाईचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड. चोरी झाली तर वस्तू परत करावी लागते. नुसता पश्चात्ताप पुरत नाही. पण इथे ज्याचे नुकसान झाले तो आहे कोण? आर-१२ चा रेणू हवेत सुमारे शंभर वर्षे टिकतो. आज वसईत सोडलेला वायू, या महिन्यात ज्या बाळांचा बाप्तिस्मा झाला ती म्हातारी होतील तेव्हाही वर फिरत असेल. शास्त्रज्ञांचा अंदाज असा की, ठरलेले निर्बंध पाळले गेले तर जगाच्या बहुतेक भागांवरील ओझोन २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल, आणि अंटार्क्टिकावरचा २०६६ च्या सुमारास. हे करारामुळे घडते आहे. माणसांनी मिळून एखादी जखम बरी होऊ दिली अशी उदाहरणे इतिहासात थोडी. पण तोवर दक्षिणेकडे कोणाच्या कातडीला कर्करोग होईल, कोणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरेल, त्यांपैकी कोणाचेही नाव आपल्याला कधी कळणार नाही. वाटेवर जखमी पडलेला माणूस त्या शोमरोन्याला निदान दिसला तरी होता.

संत थॉमस अक्वायनस यांनी धनको अज्ञात असेल तेव्हा काय करावे हा प्रश्न घेतला आहे. त्यांचे म्हणणे असे की, शोध घेऊनही माणूस सापडत नसेल तर ते देणे त्याच्या कल्याणासाठी दानधर्मात द्यावे. न सापडणाऱ्या माणसामुळे देणे फिटत नाही, ते गरिबाकडे वळते. हा विचार आम्हाला सुंदर वाटतो, पण तो इथे कितपत पुरतो याविषयी आमच्या मनात शंका आहे. अक्वायनस यांच्यासमोर असलेला अज्ञात माणूस तेव्हा कुठेतरी जगत होता किंवा नुकताच वारला होता. आपला अज्ञात माणूस अद्याप जन्मायचा आहे. त्याच्यासाठी आज कोणाला द्यावे? उन्हात राबणाऱ्याला, ज्याच्या घरात पंखाही धड चालत नाही त्याला, असे एक उत्तर सुचते. तापलेल्या हवेचा पहिला तडाखा त्यालाच बसतो. आम्ही ते उत्तर नाकारीत नाही. तथापि भरपाई म्हणून दान देता येते एवढ्या भरवशावर कोणी नळी उघडू नये. परतफेडीची तयारी ठेवून केलेली चोरीही चोरीच राहते.

मिस्त्रीचा व्यवहाराचा प्रश्न मात्र या सगळ्याने सुटत नव्हता. वायू काढून घेण्याचे यंत्र त्याला एकट्याला परवडणारे नाही. त्याने परिसरातल्या आणखी तीन गॅरेजवाल्यांशी बोलणे लावले आहे; त्यांत एक मुसलमान आहे आणि एक त्याचा जुना प्रतिस्पर्धी. चौघांत मिळून एक यंत्र घ्यावे, आणि गाडी मोडीत काढण्यापूर्वी गेज लावून पाहण्याचे पैसे कोणी घेऊ नयेत, असा विचार आहे. भरलेला सिलिंडर पुढे कोठे द्यायचा, काढलेला आर-१२ दुसऱ्या एखाद्या जुन्या गाडीत भरणे बरे की तो नष्ट करवून घेणे बरे, यावर त्यांच्यात अजून मतभेद आहेत. मागच्या आठवड्यात त्यांच्या बैठकीसाठी आम्ही धर्मग्रामाची खोली उघडून दिली. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी आम्हालाही मत विचारले. आम्ही म्हटले, यात तुम्हीच जाणकार, आम्ही ऐकतो.